परदेशातलं एक वर्ष: परत आल्यावर हिशेब कसा मांडायचा?



या आठवड्याच्या व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून राहिलेला सगळा धडा इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा. शेवटी गृहपाठ आहे आणि तो खरंच करायचा आहे.

एप्रिल महिन्यातली गोष्ट. नेवासा फाट्यावर चहाच्या टपरीवर एक मुलगा मला भेटायला आला. वय एकोणतीस. प्रवरेच्या काठावरचं गाव, घरी अडीच एकर जमीन, कांदा आणि ऊस. पूर्वी गावात मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान चालवायचा. गेलं वर्षभर तो बाहेर होता. दहा महिने दुबईत एका गोदामात नोकरी, मग साठवलेल्या पैशातून दोन महिने जॉर्जिया, थायलंड, व्हिएतनाम अशी भटकंती. महिन्यापूर्वीच घरी आला होता.

बसल्या बसल्या त्याने मोबाईल पुढे केला. शेकडो फोटो. बर्फ, समुद्र, उंच इमारती. मी बघितले, छान म्हणालो. मग तो मुद्द्यावर आला.

"सर, दुबईतला एक मित्र किराणा दुकान टाकतोय. माझे बारा लाख, त्याचे बारा लाख. बायको-पोराला घेऊन कायमचंच जायचं म्हणतोय. आप्पा एक एकर विकायला तयार आहेत. पंधरा दिवसांत सांगायचंय."

मी विचारलं, "वर्षाचा हिशेब मांडलास का?"

"हिशेब म्हणजे? पाच लाखाच्या वर कमावले की सर."

"लिहिलंस कुठे?"

तो गप्प. शेकडो फोटो होते, पण एक पानभर हिशेब नव्हता. आणि त्या नसलेल्या पानाच्या भरवशावर एक एकर जमीन विकली जाणार होती.

म्हणून आजचा विषय हा. तुम्ही वर्षभर परदेशात राहून आला असाल, जायच्या विचारात असाल, किंवा घरातलं कुणी तिकडेच स्थायिक व्हायचं म्हणत असेल, तर मागच्या वर्षाकडे वळून बघायचं कसं? आठवणींच्या अंगाने सगळेच बघतात. आपण धंद्याच्या अंगाने बघू.

आधी एक उदाहरण: फाळक्यांच्या तीन फेऱ्या

परदेशी जाऊन धंदा शिकून येणं यावर बोलायचं तर माझ्या मते आपल्या भागातलं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण शेजारच्या नाशिक जिल्ह्यातलं आहे. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब फाळके. जन्म १८७०, त्र्यंबकेश्वर. त्यांना आपण 'भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक' म्हणून ओळखतो आणि तिथेच थांबतो. पण एक लघुउद्योजक म्हणून त्यांच्याकडे बघा. छायाचित्रणाचा धंदा केला, छपाईचा केला, भागीदारी केली, कर्ज काढलं, परदेशी गेले, परत आले. तुमच्या-माझ्यासारखाच माणूस.

ते तीनदा परदेशी गेले. तीनही फेऱ्या वेगळ्या आणि तिन्हींचा धडा वेगळा.

*पहिली फेरी, १९०९, जर्मनी.* फाळक्यांनी आधी लोणावळ्याला छपाई आणि ब्लॉक बनवण्याचा कारखाना काढला होता. पुढे तो मुंबईत दादरला आला. रंगीत छपाईची यंत्रसामग्री आणायला ते जर्मनीला गेले. यंत्रं आली, तंत्र शिकून झालं, छपाई उत्तम व्हायला लागली. पण कारखाना कसा चालवायचा यावर भागीदारांशी पटेना. शेवटी फाळके बाहेर पडले आणि बाहेर पडताना हातात पैसा आला नाही. म्हणजे बघा, जर्मनीहून आणलेलं यंत्र भागीदारीत राहिलं. त्यांच्याबरोबर बाहेर आलं ते फक्त डोक्यातलं आणि हातातलं कसब.

*दुसरी फेरी, १९१२, लंडन.* ही सगळ्यात महत्त्वाची. १९११ च्या ईस्टरच्या सुमारास गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि ठरवलं की आपले राम-कृष्ण असे पडद्यावर आणायचे. पण उठले आणि बोटीत बसले असं झालं नाही. पुढचे कित्येक महिने ते जिथे मिळेल तिथे चित्रपट बघत होते, पुस्तकं आणि कॅटलॉग मागवत होते, घरी प्रयोग करत होते. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं आणि डॉक्टरांच्या उपचारांनी दृष्टी परत आली.

मग पैसा. त्यांनी आपल्या विमा पॉलिसी तारण ठेवून सुमारे दहा हजार रुपये उभे केले. १ फेब्रुवारी १९१२ ला बोटीत बसले आणि १ एप्रिल १९१२ ला परत आले. फक्त दोन महिने! आणि त्यातलाही बराच वेळ जाण्या-येण्यात गेला.

तिथे काय केलं? लंडनमध्ये 'बायोस्कोप' या चित्रपटविषयक साप्ताहिकाची पाटी दिसली, सरळ आत गेले आणि संपादक केबर्न यांना भेटले. केबर्न यांनी आधी सावध केलं, हा धंदा इंग्लंडमध्येच अनेकांना झेपलेला नाही म्हणाले. पण या माणसाची तयारी बघून त्यांनीच पुढे सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थनी वॉल्टन इथला आपला स्टुडिओ आतून दाखवला. फाळक्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा पन्नास पौंडांना घेतला, कच्ची फिल्म आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र यांची मागणी नोंदवली आणि परत फिरले.

परत आल्यावर कॅमेरा हाती यायला मे उजाडला. आधी घरातल्या घरात चाचणी. मग कुंडीत वाटाणा पेरून तो उगवताना, वाढताना थोडा थोडा टिपला आणि 'अंकुराची वाढ' हा छोटा चित्रपट केला. तो दाखवून भांडवल मिळवलं. मोठ्या चित्रपटासाठी पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही तारण पडले. सरस्वतीबाईंनी नुसते दागिने दिले नाहीत. फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं ही कामंही त्यांनी शिकून केली, शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कोरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' लागला.

आता वेळेचा हिशेब करा. साधारण साडेनऊ महिने तयारी, दोन महिने प्रवास, आणि परत आल्यावर तेरा महिने काम. परदेश हा मधला सगळ्यात लहान तुकडा आहे. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. तयारी पंधरा दिवसांची, प्रवास वर्षाचा आणि परत आल्यावर "बघू आता".

*तिसरी फेरी, १९१४, पुन्हा लंडन.* आता फाळके आपले तीन चित्रपट घेऊन गेले. 'राजा हरिश्चंद्र', 'मोहिनी भस्मासुर' आणि 'सत्यवान सावित्री'. तिथल्या जाणकारांनी कौतुक केलं. एवढंच नाही, इंग्लंडमध्येच राहून चित्रपट काढा, खर्च आमचा, तुम्हाला पगार आणि वर नफ्यात वाटा, असा प्रस्तावही आला. त्यांनी तो नाकारला आणि ते मायदेशी परतले. त्याच सुमारास पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि ज्यांच्या भांडवलावर कारखाना चालायचा त्यांनी हात आखडता घेतला. पुढचा काळ फार ओढाताणीचा गेला.

मी जेव्हा हे त्या मुलाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे सर, राहिले असते तर बरं झालं असतं की."

प्रश्न रास्त आहे. उत्तर एका वाक्यात नाही. पण एक गोष्ट नक्की. 'राहू की परतू' हे फाळक्यांनी पगाराच्या आकड्यावर ठरवलं नाही. आपल्याला नेमकं काय उभं करायचं आहे, कुठे करायचं आहे आणि ते बघणारा प्रेक्षक कुठे आहे, हे त्यांना आधीच माहीत होतं. तुम्हाला ते माहीत असेल तर राहणंही बरोबर आणि परतणंही बरोबर. माहीत नसेल तर दोन्ही चूक.

वर्षाचा हिशेब: चार खाती

आता वही उघडा. एका पानाचे चार भाग करा. मी त्या मुलाला टपरीवरच कागद घेऊन बसवलं. त्याच्या परवानगीने आकडे इथे देतोय.

*खातं पहिलं: पैसा*

पगार महिना २,४०० दिरहम. त्यावेळच्या दराने साधारण ५४,००० रुपये. दहा महिन्यांचे ५,४०,००० रुपये. हेच ते "पाच लाखाच्या वर".

आता खर्च.

- राहणं-खाणं: महिना २२,५०० प्रमाणे दहा महिन्यांचे २,२५,०००
- जाताना एजंट ७०,०००, तिकीट आणि वैद्यकीय तपासणी २५,०००: एकूण ९५,०००
- दोन महिन्यांची भटकंती: १,१०,०००
- घरी पाठवले: १,८०,०००

बेरीज ६,१०,०००. कमाई ५,४०,०००. वरचे ७०,००० आले कुठून? मामाकडून उसने. ते अजून द्यायचे आहेत.

म्हणजे घरी आलेले १,८०,००० मधून मामाचे ७०,००० वजा केले की उरले १,१०,०००. हा नव्हता म्हणून कांद्याच्या कामाला जादा मजूर लावावे लागले, त्याचे ४०,०००. उरले ७०,०००. आणि मोबाईलचं दुकान वर्षभर बंद. त्यात महिन्याला सगळा खर्च जाऊन नऊ हजार सुटायचे, म्हणजे वर्षाचे १,०८,०००. ते वजा करा.

उणे ३८,०००.

मुलाने तीनदा बेरीज केली. आकडा तोच आला. चहा गार झाला होता.

मित्रांनो, मी त्याला लाजवायला हे केलं नाही. तुमचा आकडा अधिकही येईल, छान येईल. पण तो कागदावर यायला हवा. 'कमावले' आणि 'उरले' हे दोन वेगळे शब्द आहेत. आणि बंद पडलेल्या दुकानाचं नुकसान कुठल्याही पासबुकात दिसत नाही, ते आपल्यालाच लिहावं लागतं.

इथेच एक महत्त्वाची माहिती. आखाती देशात नोकरीला जाताना एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी केलेला आहे का, हे ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासता येतं. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी इतकंच शुल्क घेता येतं, आणि त्याची पावती द्यावी लागते. या मुलाने ७०,००० दिले, पावती नाही. विचारलं तर म्हणे, "सगळेच देतात." सगळेच देतात म्हणून तो नियम होत नाही.

*खातं दुसरं: कसब*

आता पान पलटलं. मी विचारलं, "गोदामात नेमकं काय करायचास?"

आधी म्हणाला, "काही नाही सर, माल उतरवायचा, लावायचा." थोडं खोदलं तेव्हा बाहेर आलं. कांदा-बटाटा-फळं यांचंच गोदाम होतं. पहिले चार महिने हमाली, पुढे त्याच्याकडे एका भागाची जबाबदारी. आलेल्या मालाची आकाराप्रमाणे प्रतवारी, खराब माल वेगळा काढणं, प्रत्येक खेपेला तारखेची चिठ्ठी, आधी आलेला माल आधी बाहेर, रोज संध्याकाळी शिल्लक मोजून नोंद. कोणत्या देशाचा कांदा किती दिवस टिकतो हे त्याला तोंडपाठ!

मी म्हणालो, "अरे, घोडेगावच्या कांदा बाजारात जाऊन बघ. हे काम तिथे किती जणांना नीट येतं?"

तो पहिल्यांदा हसला.

फाळक्यांची पहिली फेरी आठवा. यंत्र राहिलं, कसब बरोबर आलं. तुमच्या वर्षात पैसा उणे असला तरी कसबाचं खातं भरलेलं असू शकतं. पण ते 'काही नाही सर' या तीन शब्दांखाली दबलेलं असतं. म्हणून लिहा. 'मला आता काय करता येतं जे वर्षापूर्वी येत नव्हतं?' किमान पाच ओळी.

*खातं तिसरं: माणसं*

तिसऱ्या खात्यात नावं लिहायची. मोबाईलमधल्या संपर्कांची संख्या इथे चालत नाही. ज्याला तुम्ही आज फोन केला तर तो उचलेल आणि कामाचं बोलेल, तेवढीच नावं.

इथे पंडिता रमाबाईंचं उदाहरण देतो. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या आणि तिथे जवळपास तीन वर्षं राहिल्या. गावोगाव व्याख्यानं दिली, इंग्रजीत पुस्तक लिहून विकलं, तिथल्या शिक्षणपद्धतीचा अभ्यास केला. पण परत येताना त्या केवळ ओळखी घेऊन आल्या नाहीत. १८८७ च्या डिसेंबरमध्ये बोस्टनला त्यांच्या कामासाठी एक संस्था उभी राहिली आणि तिने दहा वर्षं मदत करण्याची जबाबदारी घेतली. त्या बळावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झालं. आणि अमेरिकेत काय पाहिलं, लोक कसे राहतात, कसं काम करतात, हे त्यांनी मराठीत पुस्तक लिहून मांडलं.

बघा, किती मदत, कशासाठी आणि किती वर्षं, हे आधी ठरलेलं. "काही लागलं तर सांगा हं" हा आशीर्वाद झाला. दहा वर्षांची बांधिलकी हा करार झाला. धंदा कराराच्या जोरावर उभा राहतो.

आपल्या मुलाच्या यादीत शेवटी चार नावं राहिली. त्यातलं एक गोदामाच्या व्यवस्थापकाचं, एक केरळच्या सहकाऱ्याचं जो आता स्वतः भाजीपाला आयात करतो. आणि गंमत म्हणजे ज्याच्याबरोबर बारा लाख घालायचे होते त्या मित्राचं नाव लिहिताना तो थबकला. म्हणाला, "याला भेटून चारच महिने झालेत सर."

*खातं चौथं: घर*

हे खातं कुणीच मांडत नाही. वर्षभरात घरात काय घडलं? आप्पांचा गुडघा दुखावला, ते त्याला फोनवर सांगितलंच नव्हतं. मुलगा चालायला लागला, तो त्याने व्हिडिओवर बघितला. बायकोने एकटीने उसाचं पाणी, दवाखाना आणि पतसंस्थेचा हप्ता सांभाळला.

मी म्हणालो, "हे खातं तू लिहू नकोस. घरी जा आणि त्यांना लिहायला सांग."

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. आवाज वेगळा होता. बायकोने दोनच ओळी लिहिल्या होत्या. पहिली, 'परत जायचं असेल तर सगळे जाऊ, पण जमीन विकून नाही.' दुसरी, 'दुकान तुमच्या नावावर असणार का मित्राच्या, ते आधी विचारा.'

मित्रांनो, आख्ख्या चर्चेत सगळ्यात धंदेवाईक प्रश्न त्या वहिनींनी विचारला होता. आणि तोवर त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

कायमचं जायचं तर चार लेखी प्रश्न

आता परत फाळक्यांकडे येऊ, कारण त्यांच्या गोष्टीचा उरलेला भाग याच प्रश्नाशी जोडलेला आहे.

१९०९ नंतर भागीदारांशी बिनसून ते बाहेर पडले होते. १९१८ मध्ये नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी सुरू झाली, पुन्हा भांडवलदार भागीदारांबरोबर. 'श्रीकृष्ण जन्म', 'कालिया मर्दन' असे गाजलेले चित्रपट आले. आणि पुन्हा कारभारावरून मतभेद झाले. फाळके सगळं सोडून काशीला निघून गेले. काही वर्षांनी परत आले, पण ती पहिली घडी काही बसली नाही. १९४४ मध्ये नाशिकला त्यांचं निधन झालं तेव्हा परिस्थिती ओढगस्तीची होती.

इतका हुशार, इतका कष्टाळू माणूस. लंडनहून दोन महिन्यांत अख्खी कला शिकून आला. पण भागीदारी कशी करावी हे मात्र त्याला दोन्ही वेळा अडलं. मी त्यांच्यावर टीका करत नाही, तेवढी माझी योग्यता नाही. मी एवढंच म्हणतो की कलेचं नुकसान होऊ नये म्हणून व्यवहार आधी लिहून ठेवावा.

तर मित्राला पाठवायचे चार प्रश्न आम्ही लिहिले.

१. व्यापार परवाना कुणाच्या नावावर? संयुक्त अरब अमिरातीत २०२१ पासून बऱ्याच व्यवसायांत स्थानिक भागीदाराची जुनी सक्ती उठली आहे. म्हणजे परदेशी माणसाला स्वतःच्या नावावर पूर्ण मालकी घेता येते. मग माझं नाव परवान्यावर का नको?

२. बारा लाखांच्या बदल्यात मालकीचा वाटा किती टक्के, आणि तो कोणत्या कागदावर?

३. रोजचा गल्ला कोण मोजणार, बँक खात्यावर सही कुणाची?

४. उद्या एकाला बाहेर पडायचं झालं तर त्याचे पैसे कसे मोजायचे आणि किती दिवसांत द्यायचे?

चौथा प्रश्न सगळ्यात अवघड वाटतो, कारण लग्न ठरवताना काडीमोडाचं बोलल्यासारखं होतं. पण दोस्ती टिकवायची असेल तर तोच प्रश्न आधी विचारा. फाळके दोन्ही वेळा अडले ते भागीदारीतच.

मित्राचं उत्तर आलं. "एवढाही विश्वास नाही का?" एवढंच. चार प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर नाही.

एकर विकला गेला नाही.

मग त्याने काय केलं?

अशा ठिकाणी लगेच 'आणि आज तो कोट्यधीश आहे' असं वाचायची आपल्याला सवय झालीय. तसं काही नाही.

त्याने गावातल्या तीन शेतकऱ्यांच्या कांदा चाळीतला माल प्रतवारी करून द्यायचं काम घेतलं. आकाराप्रमाणे तीन भाग, जाळीच्या पिशव्या, प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी. गिऱ्हाईक म्हणजे महामार्गावरची हॉटेलं आणि शनिशिंगणापूर-देवगडच्या वाटेवरच्या खानावळी. पहिल्याच चार टनांत सहाशे किलो माल सडला, कारण गोदामात वातानुकूलन होतं आणि इथे पत्र्याखाली चाळ. दुबईचं गणित जसंच्या तसं नेवाशात चालत नाही, हे त्याला तेव्हा कळलं. आता तो आठवड्याला चाळ उघडून बघतो आणि लहान खेप काढतो. मोबाईलचं दुकान संध्याकाळी तीन तास उघडतो. मामाचे निम्मे पैसे फिटलेत.

निर्यातीचं? ते डोक्यात आहे. केरळच्या त्या सहकाऱ्याशी बोलणं चालू आहे. आयात-निर्यात कोड काढायला पॅन कार्ड, बँक खातं आणि पाचशे रुपये शुल्क लागतं, अर्ज ऑनलाइन होतो. ते त्याने काढून ठेवलंय. पण मी त्याला एक तारीख पाठ करायला लावली आहे. ८ डिसेंबर २०२३. त्या दिवशी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्कासह. ते शुल्क आधी कमी झालं आणि १ एप्रिल २०२५ पासून पूर्ण गेलं. म्हणजे कांद्याच्या निर्यातीत सरकारचा एक निर्णय तुमचा अख्खा हंगाम फिरवू शकतो. म्हणून स्थानिक गिऱ्हाईक आधी, निर्यात नंतर. एका पायावर उभं राहून दुसरा पाय टाकायचा.

थोडं आपल्या गावाबद्दल

नेवासा म्हटलं की आपल्याला पैस खांब आठवतो. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी इथे सांगितली गेली. पण या गावाची आणखी एक ओळख आहे. १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांनी इथे उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांच्या आसपासची जुनी वस्ती तर सापडलीच, पण वरच्या सातवाहनकाळाच्या थरांत रोमन पद्धतीच्या दोन कानांच्या उंच कुंभांचे तुकडेही मिळाले. भूमध्य समुद्राकडून दारू-तेल भरून येणारे कुंभ, प्रवरेच्या काठी!

म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी जगाचा माल नेवाशाला पोचत होता. परदेश ही आपल्यासाठी नवी गोष्ट नाही. जगाशी व्यवहार करायला दर वेळी घर उचलून न्यावं लागतं असंही नाही. न्यावं वाटलं तर जरूर न्या. फक्त हिशेब मांडून न्या.

या आठवड्याचा गृहपाठ

- परदेशी राहून आला असाल तर चार खात्यांचं एक पान लिहा: पैसा, कसब, माणसं, घर. पैशाच्या खात्यात 'कमावले' न लिहिता 'उरले' लिहा.
- घराचं खातं घरच्यांकडून लिहून घ्या. मध्ये बोलू नका.
- जायचं ठरवत असाल तर तीन ओळी लिहा: काय शिकायला जातोय, कुणाला भेटणार, आणि परत आल्यावर पहिल्या महिन्यात काय करणार. तिसरी ओळ सुचत नसेल तर तिकीट काढू नका.
- भागीदारीचा प्रस्ताव आला असेल तर वरचे चार प्रश्न लेखी पाठवा. उत्तर काय येतं त्यापेक्षा कसं येतं ते बघा.

त्या मुलाने आपलं पान आता घरातल्या कॅलेंडरच्या मागे चिकटवलंय. परवा भेटला तेव्हा म्हणाला, "सर, बर्फाचे फोटो मोबाईलमध्ये आहेत. पण बायको पाहुण्यांना ते पान दाखवते."

तुमचं पान कसं निघालं ते नक्की कळवा. आकडा उणे आला तरी लाजू नका. खरा आकडा समोर असला की पुढचा निर्णय सोपा होतो.

पुढच्या भागात बघू: भागीदारीचा करार साध्या मराठीत कसा लिहायचा. तोपर्यंत, वही उघडी ठेवा.